एक्केचाळीस आणि बेचाळीस

प्रयोगशाळेच्या खिडकीच्या कट्ट्यावर चहाचे दोन प्लास्टिकचे कप होते आणि त्यांत चहाऐवजी माती होती. इंदुमती ते उचलून टाकायलाच गेली होती. निवृत्तीला अकरा दिवस उरले असतानाही कट्ट्यावरची घाण तिला बघवत नसे. उभा जन्म बीजपरीक्षणात काढलेल्या माणसाला नको तिथली नको ती वस्तू टोचतेच. पण कपांत रोपं होती. नुकती वर आलेली, चार-चार, पाच-पाच, पहिली दोन पानं उघडून उभी. एका कपावर स्केचपेनने ४१ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ४२. तिने एक्केचाळीसचा कप उजेडाकडे धरला. त्यातलं प्रत्येक पान मधोमध खोल चिरलेलं, दोन फाट्यांचं होतं. शेजारच्या कपातली पानं मात्र चौकोनी, टोकाशी जराशी दबलेली. तिने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, आकडा पुन्हा वाचला. मग ती जवळच्या स्टुलावर बसली.

"मॅम, कित्ती क्यूट आहेत ना?" हेमांगी मागून आली. डॉक्टर हेमांगी, तिशीची, दिल्लीतच सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झालेली. मराठी बोलता बोलता कधी हिंदीत घसरेल ते तिचं तिलाही कळत नसे. प्रयोगशाळेत नवा कॉम्प्युटर आला होता आणि नमुन्याच्या ट्रेमधल्या साठही शिश्यांतल्या बियांचे रंगीत फोटो काढून त्यात भरायचं काम तिच्याकडे होतं. "फोटो काढल्यावर थोडे दाणे हाताशी उरले. मी म्हटलं, चलो, बघू या तरी. ब्लेडने साल जरासं खरवडलं आणि आठव्या दिवशी बाहेर! तेवीस वर्षं बंद होत्या बिचाऱ्या."

"कुठल्या शिश्यांतले?" इंदुमतीने विचारलं. आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिला नवल वाटलं.

"एक्केचाळीस हिरनखुरी, बेचाळीस बेल. नावं आवडली म्हणून घेतल्या."

"तुझ्या हातून अदलाबदल नाही ना झाली?"

"बिल्कुल नाही. एका वेळी एकच शिशी उघडायची, तिचं बूच लावल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. तुमचाच रूल आहे, मॅम." आणि हेमांगी हसत आपल्या कॉम्प्युटरकडे गेली. तिला काहीच कळलं नव्हतं. तिचं सगळं शिक्षण सूक्ष्मदर्शकाखाली झालेलं. शेताच्या बांधावर उकिडवं बसून कुठल्या वेलीचं कुठलं पान आधी उघडतं ते बघायची वेळ तिच्यावर आली नव्हती. इंदुमतीवर ती आली होती. फाट्यांची पानं बेलची; महादेवाच्या बेलाची नव्हे, गव्हातल्या त्या नावाच्या तणवेलीची. हिरनखुरीची पहिली पानं चौकोनी असतात. म्हणजे ज्या शिशीवर तिच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात 'हिरनखुरी' लिहिलं होतं त्या शिशीत हिरनखुरी नव्हती, आणि जिच्यात होती तिच्यावर 'बेल' लिहिलं होतं. आणि हा ट्रे तिने लावला होता.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बाई, दोन शिश्या तर आहेत, बदलून टाका की. त्याला काय माहीत! गव्हाच्या बियाण्याचा नमुना यायचा, करनालहून, मेरठहून, कुठून कुठून. तो पांढऱ्या काचेवर पसरायचा आणि चिमट्याने एकेक दाणा सारायचा: गहू डावीकडे, बाकी सगळं उजवीकडे. मग उजवीकडच्या प्रत्येक दाण्याला नाव द्यायचं. मोहरीहून थोडे मोठे, काळेसावळे दाणे, सगळे एकाच आईची लेकरं वाटावीत असे. त्यांचे कोपरे बघायचे, पाठ बघायची, जिथून ते फळाला चिकटलेले असतात ती बेंबी बघायची. बहुतेक तण चालून जायचं, पण हिरनखुरी नाही. तिची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात. एकदा शेतात शिरली की शेतकऱ्याच्या नातवालाही निघत नाही. तिचे दाणे मर्यादेबाहेर गेले की सगळा माल बियाणं म्हणून बाद. बेल मात्र तिची गरीब चुलत बहीण, आली काय नि गेली काय, तिच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. दोघींचे दाणे जवळजवळ सारखे. म्हणून शंका आली की उठायचं, भिंतीकडच्या टेबलावरचा लाकडी ट्रे उघडायचा आणि शिशीशी ताडून बघायचं. ट्रे म्हणेल ते खरं. तेवीस वर्षं ट्रे म्हणाला होता: पाठ गुळगुळीत असेल तर हिरनखुरी, खरबरीत असेल तर बेल. तेवीस वर्षं कुणाकुणाच्या शेतात हिरनखुरी बेलच्या नावाने सरकारी शिक्क्यासकट गेली असेल, आणि कुणाचा चांगला गहू उगीच बाद झाला असेल, हे मोजायला तिच्याकडे काही साधन नव्हतं.

संध्याकाळी चार्टर्ड बसमध्ये खिडकीशी बसून ती त्या दिवसापर्यंत मागे गेली. आपण काय शोधतोय ते तिला माहीत होतं: एखादं मोठं दुःख. त्या दिवशी घरात कुणी आजारी असेल, नवऱ्याशी, हरिदासांशी, भांडण झालं असेल, सासरहून तार आली असेल. चूक एवढी मोठी, तर तिचं कारणही तोलामोलाचं असायला नको? पण तसलं काही सापडेना. सापडलं ते त्र्याहत्तरच्या डिसेंबरातलं ऊन. दिल्लीच्या थंडीत दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळी ऑफिसं हिरवळीवर येऊन पडायची तशी तीही पडली होती. बायकांचं विणकाम, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, सोललेल्या संत्र्यांचा वास. गुडगावच्या वाटेवरच्या शेतांतून आदल्या महिन्यांत स्वतः हिंडून गोळा केलेल्या बिया तिने उन्हात सुकत घातल्या होत्या. शेवटच्या दोन पांढऱ्या थाळ्या उरल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे खड्याखाली दाबलेली चिठ्ठी. इमारतीची सावली सरकत यायची आणि बायका चटया घेऊन अर्ध्या-अर्ध्या तासाने उन्हामागे सरकायच्या. तशी तीही सरकली. दोन हातांत दोन थाळ्या उचलल्या, पुढे नेऊन ठेवल्या, मग परत येऊन चिठ्ठ्या नेल्या. त्या वेळी ती लेकीच्या स्वेटरच्या गळ्याचे टाके घटवत होती आणि आकडा विसरू नये म्हणून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. थाळ्या खाली ठेवताना हात उलटे पडले असतील. झालं ते एवढंच. त्या दुपारी ती सुखात होती, आणि हे आठवल्यावर तिला फार वाईट वाटलं. दुःखात माणूस चुकला तर त्याला निदान स्वतःची कीव तरी करता येते.

पण खरी टोचणी ही नव्हती. बस धौला कुवाँवर थांबून पुढे निघाली तेव्हा ती मनातल्या मनात जिथे जायचं टाळत होती तिथे जाऊन पोचली. राजाभाऊ. एकोणऐंशी साली हा पोरगेला तरुण प्रयोगशाळेत लागला. पहाडगंजातला, तिथल्याच मराठी शाळेत शिकलेला, वडील रेल्वेत. कपडे साधे, पण बोलण्यात मात्र एक ऐट. आणि ती ऐट फुकाची नव्हती. डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीत दाणा फिरवायचा आणि नाव सांगायचा. जंगली जई, बथुआ, गुल्लीडंडा, गव्हातलं कुठलंही तण द्या. लोक गंमत म्हणून त्याच्या हातावर दाणे ठेवायचे. इंदुमतीला तो आवडायचा आणि आवडायचा नाहीसुद्धा. तिला जे शिकायला दहा वर्षं लागली ते याला आईच्या पोटातूनच येत होतं, ही गोष्ट पचायला सोपी नव्हती. एक्क्याऐंशीत एकदा चहाच्या वेळी, सातआठ माणसांसमोर, तो सहज बोलून गेला, "मॅडम, त्या एक्केचाळीस-बेचाळीसमध्ये घोटाळा आहे. नावं उलटी लागलीत." कुणीतरी हसलं. "हिरनखुरीची पाठ पुस्तकात खरबरीत लिहिलीय. आपल्या शिशीतली गुळगुळीत आहे." इंदुमती म्हणाली, "पुस्तक परदेशातलं आहे, राजाभाऊ. आपल्याकडचं बी मातीत घासून गुळगुळीत होतं." किती पटकन सुचलं होतं ते! आणि सगळ्यांना किती पटलं होतं! खरं सांगायचं तर बोलताना तिची स्वतःचीच खात्री नव्हती. त्याच दिवशी चार दाणे ओल्या मातीत टाकले असते तर आठवड्यात निकाल लागला असता. ते तिने केलं नाही. विसरली नव्हती, केलं नाही. त्याऐवजी तिने सगळ्यांसमोर त्याची परीक्षा घेतली. वीस दाणे, त्यांतले आठ मुद्दाम या दोन जातींचे. तो आपल्या बोटांनी बोलला, तिने ट्रेप्रमाणे तपासलं. वीसपैकी बारा. "बीज ओळखण्यास असमर्थ" असा शेरा तिने स्वतः लिहिला आणि सही केली. मग राजाभाऊला नमुने उतरवून घ्यायच्या खोलीत पाठवलं, जिथे पिशव्या शिवायच्या, लाख लावायची, चिकटपट्ट्यांवर नंबर टाकायचे. तिथे तो चार वर्षं होता. नुकतं लग्न झालं होतं त्याचं.

पंचाऐंशीत त्याने अर्ज केला: पुन्हा परीक्षा घ्यावी. घेतली. वीसपैकी वीस. डोळे उघडे ठेवून, सावकाश, शांतपणे, प्रत्येक दाण्याला ट्रेतलं नाव. "बघा, आता डोळा बसला तुमचा," ती म्हणाली होती, मनापासून, आणि पेढे मागवले होते. "तुमची कृपा, मॅडम," तो म्हणाला होता. त्यात टोमणा होता का? तेव्हा तिला वाटलं होतं की नाही. आज बसमध्ये तिने तो आवाज कितीदा तरी पुन्हा ऐकला आणि आजही तिला त्यात टोमणा सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं. पुढे तो सगळ्यांत भरवशाचा परीक्षक झाला, नव्या पोरांना तोच शिकवायचा, आणि बाजार खुला झाल्यावर बियाण्यांच्या कंपन्या धडाधड आल्या तेव्हा चौऱ्याण्णवमध्ये एका खासगी कंपनीने त्याला गुडगावला आपल्या प्रयोगशाळेचा मुख्य म्हणून उचललं. जाताना तो तिच्या पाया पडला होता.

आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये हरिदास खोक्यांच्या गराड्यात बसले होते. क्वार्टर तिच्या नावावर, तेव्हा तिची नोकरी संपली की ते सोडायचं होतं आणि नोएडात नव्या सोसायटीत जायचं होतं. लिफ्ट आहे, जनरेटर आहे, हे ते रोज कुणाला ना कुणाला फोनवर सांगत. तिने सगळं सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, हातातला दोरा तसाच धरून.

"इंदू, तेवीस वर्षांत कुणाला कळलं?"

"एकाला कळलं होतं. त्याचं मी काय केलं ते सांगितलं ना आत्ता."

"अगं, तो मजेत आहे. कंपनीची गाडी न्यायला येते त्याला. आणि तुला अकरा दिवसांनी हार घालणार आहेत. गुपचूप घालून घे आणि घरी ये. कशाला पाण्यात दगड मारतेस?"

"मजेत असला म्हणून माझं लिहिलेलं खरं होतं का, अहो?"

हरिदास हातातल्या दोऱ्याला गाठ मारू लागले. चांगला माणूस, पण आयुष्यभर मंत्रालयात फायली हाताळलेला. लिहिलेलं बदलायचं नसतं, त्यावर दुसरं काही लिहायचं असतं, अशी त्यांची समजूत. तिने ताटं घेतली. जेवताना तिचं लक्ष नव्हतं. एकच गोष्ट तिच्या मनात पक्की होत चालली होती: जायच्या आधी राजाभाऊला त्याचं खरेपण परत द्यायचं. बाकी काही दुरुस्त होणार नव्हतं, शेतं नाहीत, गेलेला गहू नाही. पण त्या माणसासमोर उभं राहून "तुम्ही बरोबर होतात" एवढं म्हणणं तिच्या हातात होतं, आणि तेवढं झालं तर आपल्याला हार घालून घेता येईल असं तिला वाटलं.

पुढचे काही दिवस ती दुपारची एकटीच सूक्ष्मदर्शकाशी बसली. एक्केचाळीसमधला दाणा ठेवायचा. काळसर, पाठ मऊ, बेंबीशी किंचित लव. बेल. मनाला हे समजलं होतं, पण दाणा दिसताक्षणी ओठांवर 'हिरनखुरी' यायचं. बेचाळीसमधला ठेवायचा: राखी-तपकिरी, पाठीवर अंगावर काटा आल्यासारख्या बारीक पुळ्या, बेंबी तांबूस. आणि ओठांवर 'बेल'. शंभरदा केलं तरी तेच. तिला भीती वाटली. इतकी वर्षं आपण बघत होतो म्हणजे नेमकं काय करत होतो? तिच्याच चिठ्ठीने तिचेच डोळे शिकवले होते. जगातल्या किती गोष्टी आपण अशा चिठ्ठीवरून ओळखतो, ही माणसं, हा नवरा, ही मी, असं काहीबाही तिच्या मनात यायला लागलं तेव्हा तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि उठून तोंड धुतलं.

गुरुवारी तिने टिपण दिलं. ऑफिससाठी इंग्रजीत, आणि वेगळ्या कागदावर, राजाभाऊसाठी, स्वतःच्या हाताने मराठीत: ही चूक माझी. ती तुम्ही एक्क्याऐंशीतच दाखवलीत. तुमच्याबद्दलचा माझा शेरा खोटा होता. डायरेक्टर साहेबांनी टिपण वाचून चष्मा काढला. "मैडम, जाते-जाते यह क्या ले बैठीं? ज़बानी बता दीजिए, ठीक करवा देंगे।" "नहीं सर, लिखा था, तो लिखकर ही काटूँगी," ती म्हणाली. त्यांनी खांदे उडवले आणि कागद ठेवून घेतला. हेमांगीला तिने शेजारी बसवून सगळं समजावलं. हेमांगीचे डोळे मोठे झाले, मग तिने कीबोर्डवर दोनचार बटणं दाबली. "झालं, मॅम. दोन फाइलींची नावंच तर बदलायची होती." मग मॅमचा चेहरा बघून तिने हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. शिश्यांवरच्या चिठ्ठ्या इंदुमतीने स्वतः भिजवून काढल्या आणि नव्या लावल्या. एका वेळी एकच.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ती गुडगावला निघाली. पर्समध्ये तो कागद आणि कागदाच्या दोन छोट्या पुड्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे, सळ्या, क्रेन, आणि न बांधलेल्या इमारतींची रंगीत चित्रं काढलेले मोठे फलक. मधूनच एखादा गव्हाचा तुकडा, पिवळा पडत आलेला, चहूकडून वीटभट्टीच्या धुळीने माखलेला. इथेच कुठेतरी ती ओचा खोवून हिंडली होती. पण कुठे, ते आता सांगता आलं नसतं. तिला आश्चर्य वाटलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. उलट लग्नाला निघाल्यासारखं हलकं वाटत होतं. तो रागावेल, बोलेल, वर्षानुवर्षं साठलेलं ओकेल, आणि आपण मान खाली घालून ऐकून घेऊ. ते सगळं तिने मनात ऐकूनही ठेवलं होतं. त्याचा राग तिला हवाच होता.

दार राजाभाऊनेच उघडलं. चाळिशीतला, थोडा सुटलेला, कानांशी पांढरं. "मॅडम! तुम्ही? फोन करायचा, गाडी पाठवली असती." बाहेरच्या खोलीत नवे सोफे, त्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. आतून कुकरची शिट्टी. "प्रभा, कोण आलंय बघ!" तो ओरडला, आणि आतून "आले, आले, चहा टाकते आधी," असा त्याच्या बायकोचा आवाज आला. इंदुमतीने वेळ दवडला नाही. कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, उलटा करून कोरी बाजू पाहिली, पुन्हा वाचला.

"हे कशाला, मॅडम?"

"कारण ते खरं आहे. तुम्ही बरोबर होतात, राजाभाऊ. मी चुकले, आणि चूक झाकायला तुम्हाला खोटं पाडलं."

"नाही हो," तो हसला, लहान मुलाला समजवावं तसा. "कुणी डोक्यात भरवलं हे तुमच्या? मी तेव्हा पोरगा होतो. दोन पुस्तकं वाचून शहाणपणा करत होतो. तुमचंच बरोबर होतं."

तिने पुडी सोडली आणि एक दाणा त्याच्या तळहातावर ठेवला. "डोळे मिटा. पूर्वी सांगायचात तसं सांगा." त्याने नाइलाजाने डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनीत दाणा फिरला. ती हालचाल तशीच होती, तीच.

"बेल," राजाभाऊ म्हणाला.

"पाठ कशी आहे?"

"खरबरीत. म्हणून तर बेल."

"ही हिरनखुरी आहे. मी मातीतून उगवलेली पाहिली. चौकोनी पानं. आणि दुसरीची फाट्यांची. तुम्हाला शेतातलं पान सांगायला नको."

राजाभाऊने डोळे उघडले. कितीतरी वेळ तो तळहाताकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि जे उरलं ते इंदुमतीने मनात ऐकून ठेवलेल्या कशातच बसत नव्हतं. राग नव्हता तो. तो घाबरला होता.

"हळू बोला, मॅडम. प्रभा आत आहे." तो पुढे सरकला. "त्या चार वर्षांत दर रविवारी सकाळी ती भाजी निवडायला बसायची आणि मला समोर बसवायची. नमुन्यांच्या खोलीत सांडलेले दाणे मी गोळा करून आणायचो, कागदावर ट्रेप्रमाणे नावं लिहून. ती एकेक हातात द्यायची. मी खरबरीतला हिरनखुरी म्हटलं की म्हणायची, चुकलं, पुन्हा. तिला काय कळतंय त्यातलं. कागदावरचं बघून सांगायची बिचारी. पहिली दोन वर्षं बोटं ऐकायचीच नाहीत. रडायला यायचं मला. वाटायचं, आपल्यात काहीतरी मुळातच वाकडं आहे. हळूहळू ऐकायला लागली. ज्या दिवशी सगळे बरोबर आले त्या दिवशी तिने शिरा केला होता." त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "मी चुकत होतो आणि मेहनत करून सुधारलो, यावर माझं सगळं उभं आहे, मॅडम. घर, नोकरी, पोरांना जे सांगतो ते. आता तुम्ही म्हणता, मी चुकतच नव्हतो. मग ती चार वर्षं मी काय केलं? ते नका सांगू मला."

"पण तुमच्या बोटांना काय वाटतं? खरं सांगा. आत कुठेतरी?"

"बोटांना?" त्याने दाणा पुन्हा चिमटीत फिरवला, अगदी प्रामाणिकपणे, जणू तिने विचारलंय म्हणून शोधून बघतोय. "काही नाही हो. ती आता तुमचंच ऐकतात."

इंदुमतीला वाटलं की आपण रडू. रडूही आलं नाही. जे परत द्यायला ती आली होती ते घेणारा माणूस तिनेच केव्हाचा मोडून टाकला होता, आणि त्याच्या जागी हा दुसरा, सज्जन, कृतज्ञ माणूस उभा केला होता. "तुमच्या कंपनीतल्या मुलांना तरी..." ती पुटपुटली.

"सांगीन. नवा नियम आलाय म्हणून सांगीन. शेतकऱ्याचं नुकसान मी होऊ देणार नाही, ती काळजी नका करू." आतून बांगड्या वाजल्या तसा त्याने कागद घडी करून खिशात घातला.

प्रभा चहा घेऊन आली. हसरी, पदर खोचलेली, कपाळावर घाम. "कसला कागद हो?" तिने नवऱ्याला विचारलं. "मॅडम उद्या निवृत्त होताहेत. त्याचं बोलावणं," राजाभाऊ म्हणाला. "अगबाई! आणि तुम्ही स्वतः आलात सांगायला?" प्रभा धावतच आत गेली, हळदीकुंकवाची कोयरी, नारळ, खण आणि सुपात गहू घेऊन आली. "घरी आलेल्या सवाष्णीला असंच कसं पाठवू? बसा, ओटी भरते. हे नेहमी सांगतात, मॅडम नसत्या तर मी जन्मभर पिशव्या शिवत बसलो असतो म्हणून. तुम्ही कडक होतात म्हणून हे घडले." इंदुमतीने पदर पसरला. ओंजळीतून गहू पडला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मांडीवर त्याचं वजन जाणवलं. दाण्यांकडे बघायचा धीर तिला झाला नाही. प्रभाने वाकून नमस्कार केला आणि वर बघून ती म्हणाली, "यांचा डोळा खरंच इतका चांगला आहे का हो, मॅडम? की मला बरं वाटावं म्हणून सांगतात?"

राजाभाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो इंदुमतीकडे बघत होता, हात खिशावर, आणि त्याच्या नजरेत नुसती विनवणी होती. इंदुमतीने प्रभाच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझ्या हाताखाली," ती म्हणाली, "यांच्याइतकं कुणीच शिकलं नाही."

राजाभाऊने खिशावरचा हात काढला, आणि प्रभाने अभिमानाने नवऱ्याकडे पाहिलं.